हौसाक्काच्या हातची नानकटाई

बातमी मोबाइलवर आली. सकाळचे अकरा वाजले असतील, मी मेथी निवडत बसले होते. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, ‘आपल्या मंडळाच्या जुन्या मदतनीस श्रीमती हौसाबाई कांबळे यांचे दुःखद निधन.’ त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं, आणि पाच-सहा हात झाल्यावर लगेच, ‘उद्याच्या सहलीची गाडी किती वाजता?’ मी ते दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, आधी रडू आलं नाही. आधी राग आला, आणि तो त्या एका शब्दावर. मदतनीस! कुणाला मदत करत होती ती? ज्या बदामाच्या नानकटाईच्या जीवावर आमच्या मंडळाचा दिवाळीचा स्टॉल इतकी वर्षं मिरवला, ती मळणारे हात हौसाक्काचे, माप हौसाक्काचं, वास हौसाक्काचा... आणि मदतनीस ती? मग आम्ही कोण होतो? मेथी तशीच टाकून उठले आणि तिच्या घरी जायला कसबा बावड्याची रिक्षा धरली. रिक्षात बसल्यावर मात्र रडू आलं. ते तिच्यासाठी किती होतं आणि माझ्या स्वतःच्या लाजेपायी किती, हे आज सव्वा महिना झाला तरी मला सांगता येत नाही.

हौसाक्का कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कोअर शॉपला होती. आता कोअर म्हणजे काय, ते मलाही तिनंच सांगितलेलं. लोखंड ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा एक आकार बसवतात. त्यासाठी वाळूत तेल कालवायचं, ती साच्यात दाबायची, अलगद काढायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. ओल जास्त झाली तर फुगतो, कमी झाली तर ढासळतो. हे काम बहुतेक बायकाच करतात, कारण हात हलका लागतो. म्हणजे बघा, ही बाई आयुष्यभर वाळू भाजत होती, आणि तिच्याकडनं मी नानकटाई शिकले! कुणाला हसू येईल. येऊ दे. पीठ झालं की नाही हे ती मुठीत दाबून बघायची. मूठ उघडल्यावर बोटांचे वळ जसेच्या तसे राहिले पाहिजेत आणि कडेला एक बारीक चीर गेली पाहिजे. “वाळूचं आणि पिठाचं एकच हाय वैनी,” ती म्हणायची, “लई दाबलं की रुसतंय.”

आमची ओळख झाली ती भट्टीवर, आणि माझ्या मूर्खपणामुळं. पस्तीस वर्षं झाली असतील. तेव्हा घरोघरी ओव्हन कुठले? बिंदू चौकाच्या मागच्या एका बोळात दस्तगीरचाचांची भट्टी होती. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस सगळ्या बायका आपापला मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात घालून तिथं जायच्या. डब्यावर चाचा खडूनं नाव लिहायचे, नंबर आला की आपलं पीठ आपण मळायचं, पत्र्यावर आपल्या नानकटाया आपण थापायच्या, आणि चाचा ते पत्रे आत सरकवायचे. भाजून झालं की नावाच्या डब्यात भरून घरी. एका घराचा डबा दुसऱ्या घराला लागायचा नाही, एवढा कटाक्ष. त्या वर्षी माझ्या पुण्याच्या जावेनं बदामाच्या वासाची बिस्किटं आणली होती आणि घरात तिचं फार कौतुक झालं होतं. मला लागली ईर्ष्या. लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन मी बदामाच्या अर्काची छोटी तपकिरी बाटली आणली. आमच्याकडं सगळं कसं, रस्सा वाढताना पळी आखडती घ्यायची नाही! त्याच हातानं मी दोन किलोच्या पिठात चहाचा चमचा शिगोशीग भरून अर्क ओतला. आणि काय सांगू, अख्ख्या बोळात वास सुटला. गोड वास नाही हो, कडू, नाकात चढणारा, दवाखान्यातल्या औषधासारखा. रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून बघायला लागल्या. चाचा आतून ओरडले, “अगं बाई, भट्टी हाय का दवाखाना? काय वतलंस त्यात?”

मी तर रडकुंडीला आले. घरी सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, तोंड काय दाखवायचं? माझ्या मागं रांगेत एक काळीसावळी, उंच बाई चार किलोचा डबा घेऊन उभी होती. ती पुढं आली, परवानगी वगैरे न विचारता माझ्या परातीतलं चिमूटभर पीठ उचललं, वास घेतला, बोटांवर चोळलं.

“टाकून देऊ नगा,” म्हणाली. “वास चांगला हाय की. निस्ता लई झालाय. माझ्यात मिसळा.”

“तुमच्यात?”

“चार किलो हाय माझं. सहा किलोत पसरला की गप बसतोय बघा.”

तिनं आधी नमुना केला. माझ्या पिठाचा एक वाटा, तिच्या पिठाचे दोन, अशा दोनच नानकटाया थापल्या आणि चाचांना भट्टीच्या तोंडाशी ठेवायला सांगितल्या. फाउंड्रीत म्हणे पहिला कोअर मोडून बघतात, मगच पुढचे करतात. मोडून बघितल्या, एक तिनं खाल्ली, एक मला दिली. अहो, काय झाली होती! आधी तूप, मग साखर, आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, मागनं हळूच बदाम. रांगेतल्या एका बाईनं तेवढ्यात आपला डबा आमच्यापासून दूर ओढला. डब्यावरचं ‘कांबळे’ तिनं वाचलं होतं. हौसाक्कानं ते बघितलं, आणि चाचांनीही बघितलं. चाचा म्हणाले, “व्हय काय? मग तुमच्यासाठनं आग बी दुसरी पेटवू का?” बाई गप्प झाली. मीही गप्प होते, हे आज लिहिते. मी डबा ओढला नाही, पण तिला काही बोललेही नाही.

आणि खरा गुन्हा तर पुढंच आहे. घरी डबा आणला. माझ्या चमच्याची हकीकत शेजारणीनं माझ्याआधी घरी पोचवली होती. आत्तींनी एक नानकटाई तोंडात टाकली, डोळे मिटले, दुसरी उचलली. “बिघडलीवती म्हणं. कुणी निस्तरली?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, “चाचांनी.” एवढंच. चाचांच्या भट्टीचं आमच्या घरात चालत होतं, हौसाक्काच्या हातचं चाललं नसतं. डबाच्या डबा गटारीत गेला असता आणि मला अंघोळ घातली असती. म्हणून एक शब्द खोटा बोलले. पुढच्या दिवाळीत भट्टीवर हौसाक्का भेटली. “आवडली का सासूबाईस्नी?” म्हणाली. मी म्हटलं, फार आवडली. “कुणी केली म्हणून सांगितलंसा?” मी डब्याचं झाकण उगाच पुसत राहिले. ती हसली. “कळलं की,” म्हणाली, आणि माझ्या हातातली बाटली काढून घेऊन थेंब मोजायला लागली.

तेव्हापासून दर दिवाळीला आम्ही दोघी ठरवून एकाच दिवशी भट्टीवर जायचो. तिनं त्या अर्काचा अगदी छडा लावला. माझ्यासारखी पोथी वाचल्यासारखं दुसऱ्यानं सांगितलेलं करणारी ती नव्हती, करून, चुकून, परत करून बघणारी होती. गरम तुपात घातला तर वास भट्टीत जायच्या आधीच उडून जातो, हे तिला कळलं. म्हणून तूप थंड, साखरेबरोबर पांढरं होईस्तोवर फेसलेलं, त्यात थेंब, आणि मैदा सगळ्यांत शेवटी. किलोला बारा थेंब, तेरावा नाही. वेलदोडा घातला असेल तर अर्क नाही, अर्क असेल तर वेलदोडा नाही, “दोघं एका घरात नांदत न्हाईत.” स्वस्तातला इसेन्स बाटलीत फार वास मारतो आणि भाजल्यावर पळून जातो, हे ती बाटली नुसती उघडून सांगायची. तिच्या लेकीला, सुजाताला, परीक्षेच्या दिवसांत एक कप दुधात एक थेंब घालून द्यायची. बदाम परवडत नव्हते म्हणून हे, असं कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. “बदाम येगळा, थेंब येगळा. मला थेंब आवडतोय,” म्हणायची. आता मोबाइलवर कुणीबुणी बायका गोऱ्या हातानं केक फेटतात आणि ‘माझं सिक्रेट, आमंड’ म्हणून डोळे मिचकावतात ना, तेव्हा मला हौसाक्काचे वाळूनं भेगाळलेले हात आठवतात आणि मोबाइल पालथा घालावासा वाटतो.

मग मंडळाचा स्टॉल सुरू झाला. मीच हौसेनं नानकटाई नेली, सगळ्यांना आवडली, आणि एवढं पीठ मळणार कोण म्हणून मीच हौसाक्काला बोलावलं. ती रविवारची सुट्टी घालवून यायची. मंडळाच्या मागच्या खोलीत, दार अर्धं लोटून. पुढं टेबलावर पाकिटं, आणि पाकिटांवर छापलेलं, ‘अध्यक्षबाईंच्या घराण्यातली पारंपरिक बदाम नानकटाई’. घराण्यातली! त्यांच्या घराण्यात कुणी अर्काची बाटली उघडून बघितली नव्हती. एका वर्षी एक गिऱ्हाईक बाई, चांगली शिकलेली, चश्मेवाली, पाकीट हातात घेऊन विचारत होती, “कुणाच्या हातचं आहे?” अध्यक्षबाई म्हणाल्या, “आमच्याच हातचं हो, अगदी घरचं.” मी शेजारी उभी होते. मागं दाराच्या फटीत हौसाक्काचे डोळे मला दिसले.

संध्याकाळी परात घासताना ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज चढलेला होता, “वैनी, मला पाकिटावर नाव नगं. एकदा, फकस्त एकदा, त्या टेबलाम्होरं उभं ऱ्हावा आनि मोठ्यांदा सांगा, ही कांबळेबाईनं केलीया. घेतली तर घेतली, न्हाय तर ठेवली. मला बघायचं हाय, कोण खातंय.”

मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की.

काय मागत होती ती? एक वाक्य. तेही खरं. ते मला पुढच्या वर्षी बोलता आलं नाही, कारण आत्ती स्टॉलवर येऊन बसल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्षबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, म्हटलं वाद नको. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. तिसऱ्या वर्षी हौसाक्का आलीच नाही. मी बावड्याला गेले तर दारातच म्हणाली, “तुमचं पुढचं वरीस काय येत न्हाय वैनी. तवा मी बी येत न्हाय. च्या घेणार न्हवं?” चहा घेतला. भट्टीवर आम्ही एकत्र जात राहिलो. मैत्री तिनं तोडली नाही, पण तो विषय परत म्हणून काढला नाही. मंडळात मात्र नानकटाई चालूच राहिली. बायका तिच्याशिवाय मळायला लागल्या, बारा थेंबांनी समाधान होईना म्हणून वीस घालायला लागल्या, पाकीट फोडलं की वास, तोंडात कडू. आणि गिऱ्हाइकांना सांगायच्या काय, तर “हल्ली अर्कच पहिल्यासारखा येत नाही हो.” अर्काला काय झालंय? हात गेला ना तुमच्यातला!

आत्ती गेल्या त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. त्यानंतर तर मला अडवणारं घरात कुणी नव्हतं. तरी मी बोलले नाही. सवय लागते गप्प बसण्याची, दुसरं काय.

शेवटची भेटले ते ती जायच्या आधी तीन आठवडे. छातीत पाणी झालं होतं, खाणं सुटलं होतं. मी तिच्याच स्वयंपाकघरात जाऊन कपभर दूध गरम केलं, कोमट होऊ दिलं, थेंब घातला. तिनं कप नाकाशी नेला आणि म्हणाली, “दोन पडलेत, वैनी.” अजून नाक शाबूत! मग अर्धा कप प्याली, मला फाउंड्रीतल्या कुठल्याशा मुकादमाची नक्कल करून दाखवली, धाप लागली तशी थांबली. मी वाट बघत होते, आता विचारेल, सांगितलंत का म्हणून. विचारावं असं वाटत होतं मला... म्हणजे मला तिथल्या तिथं रडता आलं असतं, माफी मागता आली असती. तिनं विचारलंच नाही. मला माझ्या सोयीनं मोकळं करायला ती काही बांधलेली नव्हती.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाला मंडळातून मी एकटी गेले. बाकीच्यांनी नंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली, सुजाताला बोलावलं, पुढं खुर्चीवर बसवलं. सुजाता आता हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अध्यक्षबाई बोलायला उठल्या. म्हणाल्या, “हौसाबाई आमच्याकडं मदतीला असायच्या. कष्टाळू होत्या. आणि एक सांगते, फार स्वच्छ होत्या हं.”

स्वच्छ! एवढ्या बायका बसल्या होत्या हॉलमध्ये, कुणाच्या मरणानंतर कुणी असं म्हणेल का, की ही बाई स्वच्छ होती? मी मेले तर म्हणाल? सुजाताच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागनं दिसली. मी उठले. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले आणि म्हटलं, ती मदतीला नव्हती, आपण तिच्या मदतीला होतो, आणि तेही नीट नव्हतो. ती नानकटाई कुणाच्याही घराण्यातली नाही, कांबळेबाईंची आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, “काकू, अशा दुःखाच्या प्रसंगी हे कशाला?” म्हटलं, मग कुठल्या प्रसंगी? सुखाच्या प्रसंगी तुम्ही पाकिटं छापत होता!

मला वाटलं, झालं, फिटलं आपलं. बाहेर चपला घालताना सुजाताजवळ गेले, तिचा हात धरायला. तिनं हात धरू दिला, पण म्हणाली, “काकी, आई गेल्यावर आठवलं व्हय तुम्हाला?” मग ती म्हणाली, “आणि ह्या हॉलात सांगून काय उपयोग? ह्यांना ठाऊकच होतं की सगळ्यांना. ज्यांनी खाल्ली, त्यांना सांगा.”

म्हणून हे लिहिते आहे, वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. कोल्हापुरात ज्यांनी ज्यांनी आमच्या स्टॉलवरची बदामाची नानकटाई खाल्ली, पाहुण्यांना दिली, लेकींच्या सासरी डबे पाठवले, त्यांनी ऐकावं. ती हौसाबाई कांबळे यांनी केलेली होती. एक किलो मैदा, वाटीभर बेसन, वाटीभर बारीक रवा, आठशे ग्रॅम पिठीसाखर, आठशे ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ. तूप थंड घ्यायचं, साखरेबरोबर हातानं फेसायचं, हात दुखला की अजून थोडं फेसायचं. बदामाचा अर्क बारा थेंब, तुपातच. मग बाकी सगळं. मुठीत दाबून बघायचं, वळ उमटले आणि कडेला चीर गेली की झालं. दोन भाजून, मोडून बघायच्या, मगच पत्रा भरायचा. तिनं हे कुणापासून कधी लपवलं नाही. लपवलं ते आम्ही, तिचं नाव.

गेल्या आठवड्यात भट्टीवर जाऊन आले. दस्तगीरचाचा जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांची सून नसरीन सगळं बघते. भट्टीला गर्दी राहिली नाही, लोक तयार बॉक्स आणतात. नसरीननं खडू उचलला, माझं नाव पाठ आहे तिला, लिहायलाच लागली होती. मी म्हटलं, थांब, कांबळे लिही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. पीठ मी मळलं. पहिल्यांदाच एकटीनं मळत होते, फार वेळ लागला. बारा थेंब मोजताना सातव्याला चुकले असं वाटलं, तर बाटली खाली ठेवून जरा उभी राहिले आणि मग पुढं मोजले.

घरी डबा ओट्यावर ठेवला. संध्याकाळी सगळे चहाला जमले, थोरल्या सुनेनं झाकण काढून बशीत नानकटाया काढल्या, नातवंडांनी दोन दोन उचलल्या, सुनेनंही एक तोंडात टाकली आणि मग तिचं लक्ष डब्याच्या पोटावर गेलं.

“अहो आई,” ती म्हणाली, “भट्टीवर डबा बदलला वाटतं. हा कुणा कांबळ्यांचा आलाय आपल्याकडं.”

“बदलला नाही,” मी म्हटलं, आणि आमच्या घरात कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं म्हटलं, “पस्तीस वर्षं ह्याच डब्यातलं खाताय तुम्ही सगळी.”